खरवडीच्या आधी

बोटाला कणी लागली.

शिजत आलेल्या गव्हाचा एक दाणा चाटूवरून उचलून मी अंगठा आणि शेजारच्या बोटात दाबला होता. दाणा चपटा झाला, बाहेरचं सगळं लोण्यासारखं पसरलं, पण अगदी मधोमध काहीतरी अडलं. खसखशीच्या दाण्याएवढंच. मी बोटं पदराला पुसली आणि दुसरा दाणा घेतला. त्यातही तेच.

“काय गं आनंदे, झालाय काय?” पलीकडच्या चुलीवर आमटीत डाव फिरवता फिरवता हौसाक्कानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ती स्वतःच आली. लाकडी चाटू तिनं पातेल्याच्या तळापर्यंत घातला, वर काढला आणि एक दाणा उचलून दाबला. दाबताना डोळे मिटायची तिची सवय होती. डॉक्टर नाडी बघत असताना घरची माणसं उभी राहतात, तशा आम्ही सगळ्या भोवती उभ्या होतो.

“शिजलाय,” आक्का म्हणाली. “टाक गूळ.”

गुळाची परात माझ्याजवळच होती. मी आक्काकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. हौसाक्का वीस वर्षं देवळाचा स्वयंपाक करत होती आणि मला तिच्या हाताखाली येऊन चार वर्षं झाली होती. तिच्या बोटापुढं माझं बोट काय? मी परात उचलली, पातेल्यावर तिरकी केली आणि सगळा गूळ सोडला.

याला आता चौतीस वर्षं झाली. कागलकडच्या आमच्या कुरणवाडीत चैत्रात मारुतीचा तीन दिवसांचा उत्सव असतो. पहिल्या दिवशी आमटी-भाताबरोबर खपली गव्हाची खीर, मधल्या दिवशी नुसता आमटी-भात, शेवटच्या दिवशी पुन्हा खीर. पूर्वी हा स्वयंपाक गावातले पुरुष करायचे. एका वर्षी त्यांनी आमटी अशी करपवली की पंगतीतली माणसं ताक-भातावर उठली. तेव्हा हौसाक्का पदर खोचून आत शिरली आणि म्हणाली, “सरका बाजूला.” पुरुष सरकले ते कायमचे. आता ते पत्रावळी मांडतात आणि सूचना करतात.

नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, हा आमच्या देवळाचा नियम. मीठ अंदाजानं, तिखट रंगावरून, आणि गहू शिजला की नाही ते बोटानं बघायचं. आमटीत मीठ कमी पडलं तर नंतर वरून घालता येतं. पण खिरीत एकदा गूळ पडला की गहू पुढं शिजत नाही. खाली कितीही लाकडं घाला, दाणा जसा असेल तसाच राहतो. त्यामुळं गूळ कधी टाकायचा, एवढ्या एका गोष्टीवर सगळी खीर असते, आणि ते ठरवायचा मान आक्काच्या बोटाला होता.

त्या दिवशी आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मी खिरीची बादली घेऊन वाढत होते. चौथ्या पानावर दौलूआजोबा बसले होते. त्यांनी एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि शांतपणे वर बघितलं.

“पोरी, खीर हाय का गोट्या?”

आजूबाजूचे हसले. मग त्यांनी खाल्ली आणि तेही हसायचे थांबले. पंगतभर कचकच, कचकच असा आवाज सुरू झाला. लोक बिचारे देवाचा प्रसाद म्हणून टाकतही नव्हते. उत्सवाचे पंच केरबातात्या धोतर सावरत स्वयंपाकघरात आले.

“हौसाक्का, काय झालं ओ हे? पाव्हणे आल्यात बाहेरगावचे. ह्येंच्या दाताचं काय करायचं?”

आक्कानं द्रोणात खीर घेऊन एक घास खाल्ला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. “मी दाबला तवा शिजला होता,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “मी स्वतः दाबला.”

“मग भिजवण्यात घोळ असंल,” तात्या म्हणाले. “आधी भिजला तो शिजला, मागनं भिजला तो ऱ्हायला. गहू कुणी भिजवलाय?”

गहू मालननं भिजवला होता.

मालन म्हणजे माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, रुंद मनगटांची, कमी बोलणारी बाई. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. गहू ओलवून कांडायचा, पाखडायचा, आदल्या संध्याकाळी भिजत घालायचा, हे तिचं काम. पाच पायल्या गहू ती एकटी कांडायची. तात्यांचं बोलणं ऐकून तिनं फक्त मान वर केली आणि पुन्हा भांडं घासायला लागली.

आता खरवडीच्या बैठकीचं सांगितलं पाहिजे.

पंगती उठल्या, भांडी घासून झाली की पातेल्याच्या तळाला लागलेला खरपूस थर आक्का उलथण्यानं सोडवायची. खिरीची खरवड म्हणजे काय असते ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. त्या तुकड्यासाठी आम्ही दिवसभर धुरात डोळे चोळत उभ्या राहायचो असं म्हटलं तरी चालेल. पण ती अशी मिळायची नाही. देवळामागच्या करंजाखाली गोल करून बसायचं आणि आपापल्या पाळीनं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय चुकलं? चुकलं तेव्हा मनात काय होतं? पुढल्या बारीला काय करशील? मगच पानावर खरवड पडायची.

सुरुवातीच्या वर्षांत म्हणे प्रत्येक उत्सवानंतर बायकांत भांडणं लागायची. मिठावरून दोन सख्ख्या जावांनी वर्षभर अबोला धरला होता. तेव्हापासून आक्कानं हे काढलं, आणि त्याला एक नियम घातला. फक्त आपली चूक सांगायची. दुसरीचं नाव तोंडातून निघालं की खरवड बंद. दुसरा प्रश्न मात्र ती दोनदा विचारायची. पहिलं उत्तर दिलं की थोडा वेळ थांबायची आणि म्हणायची, “आणि?” त्या “आणि”ला आम्ही सगळ्या घाबरायचो.

एकटी पारूमावशी घाबरायची नाही. तिची चूक दरवर्षी एकच असायची. “मी लई बोलले,” असं म्हणून ती पाऊण तास बोलायची.

त्या दिवशी मात्र मावशीनंही दोन वाक्यांत आटपलं. माझी पाळी आली.

“काय चुकलं?” आक्कानं विचारलं.

“वाढताना एका पाव्हण्याच्या पानाबाहेर खीर सांडली,” मी म्हणाले.

“मनात काय होतं?”

“घाई.”

आक्का थांबली. मला वाटलं, आता “आणि” येणार. पण तिचं लक्षच नव्हतं. तिनं माझ्या पानावर खरवड ठेवली आणि मालनकडे वळली.

“काय चुकलं, मालन?”

मालननं पुढ्यातलं पान सरळ केलं. “मला घावत न्हाई,” ती म्हणाली. “पाच पायल्या एका टायमाला भिजवला. मागनं घातला न्हाई.”

“मग शिजलेला गहू कच्चा कसा झाला?”

“मला ठाऊक न्हाई, आक्का.”

“मी माझ्या बोटानं दाबलाय. निम्मा गहू तू मागनं भिजवलास, मालन. इसरली असशील. पर कबूल कर.”

इतक्या वर्षांत आक्कानं त्या गोलात दुसरीची चूक सांगितली नव्हती. तिच्या स्वतःच्याही ते ध्यानात आलं नसावं. मालननं रिकामं पान उचललं, घडी केली, कमरेला खोचलं आणि उठून गेली. जाताना ती केरबातात्यांच्या समोरूनच गेली. “पुढल्या वर्षापास्नं भिजवायला दुसरी बाई बघा,” तात्या आक्काला म्हणाले ते तिनं ऐकलं. आक्का उलथण्यानं पातेलं खरवडत राहिली.

मी खरवड घरी नेली आणि शेजारच्या पोरांना देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मालन आली नाही. आमटी-भाताचा दिवस होता, कामं अंगावर पडली होती, तरी तिचं नाव कुणी काढलं नाही. भाताच्या मोठ्या पातेल्यावर झाकण म्हणून लोखंडी परात होती आणि तिच्यावर निखारे घातलेले होते. भात मुरला म्हणून आक्कानं निखारे खाली ओढले आणि परात सरळ हातानं उचलली. फडकं न घेता. उचलून चार पावलं चालत गेली, भिंतीला टेकवून ठेवली आणि पदर नीट केला.

“आगं आक्का, भाजलं की गं!” पारूमावशी ओरडली.

“कुणाला?” आक्का म्हणाली.

मग तिनं आपला हात बघितला. बोटांची पेरं लालभडक झाली होती, एका बोटावर फोड यायला लागला होता. आक्का त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशी बघत राहिली. मग पटकन हात पदराआड घेतला आणि म्हणाली, “काय न्हाई गं. आमच्या हातांना सवय हाय.”

मी काकड्या कोचत होते. माझा विळीवरचा हात थांबला. सवय झालेला हातसुद्धा आधी झटकला जातो. आक्काचा झटकला नव्हता. तिच्या बोटांना काही कळतच नव्हतं. ऊनही कळत नव्हतं, आणि कणीही.

म्हणजे मालनचं खरं होतं आणि माझ्या बोटाचंही. पण हे सांगायचं कसं? माझी चूक सांगायची म्हणजे आक्काच्या बोटांचं सगळ्यांसमोर उघडं करायचं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूनं कपाळाला हात लावला होता. आक्कानं मला देवळात आणलं, चुलीपुढं बसवलं, आणि सहा महिन्यांनी माझ्या सासूला म्हणाली, “हिचा हात बघ आता.” त्या बाईच्या हातावर मी बोट ठेवू? त्या दिवशीच्या बैठकीतही मी काहीतरी फुटकळ सांगितलं आणि मान खाली घालून भाताची खरवड चघळली.

तिथून निघाले ती सरळ मालनच्या भावाच्या घरी गेले. ती परसात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती.

“कशाला आलीस?” ती म्हणाली.

“बघायला.”

“बघितलंस न्हवं? जा आता.”

मी खाली बसून मिरच्या गोळा करायला लागले. तिनं टोपली माझ्याकडे सरकवली.

“एका टायमाला भिजवला गं मी,” मग म्हणाली.

“ठाऊक हाय मला.”

“व्हय. तुला ठाऊक असणारच.” तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. “तू दाणा दाबलास तवा मी समोर आधणात भाताचं तांदूळ वैरत होते. तुझ्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता आनंदी बोलंल. मग आक्का आली, अन् तू परात उचललीस.”

माझ्या हातातली मिरची तिथंच राहिली. “मग काल का न्हाई बोललीस?”

“काय बोलू? आनंदीच्या बोटाला कणी लागली हुती म्हणू? दुसरीचं नाव घ्यायचं न्हाई, आपला नेम हाय की.”

“मालन, तुला एवढं घालून पाडून बोलल्यावर कसला नेम?”

“मला तेवढाच हाय बाई,” ती म्हणाली. “हितं मी दिसाला तीस भाकऱ्या थापते. कुणी इचारलं तर म्हणत्यात, भावजयीच्या हाताची भाकरी. देवळात उत्सवाला माझ्या नावानं गहू भिजतो. मालनचा गहू म्हणत्यात. आता त्योबी गेला.” तिनं टोपली उचलली. “जा घरला. हातानं डोळं चोळू नगंस, मिरची हाय.”

घरी पोचेपर्यंत माझी बोटं चुरचुरायला लागली होती. दोनदा हात धुतले तरी जाईना.

तिसऱ्या दिवशी पुन्हा खीर. गहू पारूमावशीनं भिजवला होता. आक्काच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, उजव्या हाताच्या. साडेअकरा झाले. बाहेर पुजाऱ्यानं ताट सजवलं, केरबातात्या दोनदा आत डोकावून गेले. मी दाणा दाबला. कणी होती. परवापेक्षा मोठी.

आक्का आली. डाव्या हातानं दाणा घेतला, डोळे मिटले, दाबला.

“शिजलाय. टाक गूळ.”

परात माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. मी आक्काच्या अगदी जवळ गेले.

“आक्का, कणी हाय.”

“न्हाई गं.”

“हाय, आक्का. माझ्या बोटाला लागली.”

तिनं डोळे उघडले. पहिल्यांदा राग आला तिला, तो मला दिसला. मग राग गेला आणि तिथं जे आलं ते मला बघवेना. एवढी थोरली आक्का, आणि बाजारात हरवलेल्या पोरीसारखी माझ्याकडे बघत होती. तिनं चिंधी बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरला.

“किती हाय?” तिनं हळूच विचारलं.

“अजून अर्धा तास तरी लागंल.”

तेवढ्यात केरबातात्या आलेच. “हौसाक्का, आरती थांबलीया. मारुतीला किती ताटकळत ठेवायचं?”

“मारुतीला घाई न्हाई,” आक्का म्हणाली. “तुला हाय. बस जा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “झाकण ठेव.”

अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. मग मी दाबलं आणि आक्काकडे बघून मान हलवली. तिनं दाबून बघितलं नाही. मी गूळ टाकला. त्या दिवशी दौलूआजोबांनी चार वेळा खीर मागून घेतली आणि पाचव्या वेळी त्यांच्या नातवानं हात धरला.

करंजाखाली गोल बसला. मालनची जागा रिकामी होती, आणि ती कुणी सरकून भरली नव्हती.

“आज मी आधी सांगते,” मी म्हणाले.

“सांग. काय चुकलं?”

“परवा दाणा दाबला तेव्हा माझ्या बोटाला कणी लागली होती. दोन दाण्यांत लागली. मी बोलले नाही. वर गूळ माझ्याच हातानं टाकला. खीर माझ्यामुळं बिघडली.”

पारूमावशीनं तोंडावर हात ठेवला.

“मनात काय होतं?”

“मोठ्या माणसाचा मान राखावा, असं वाटलं.”

आक्का थांबली. करंजाची पानं खाली पडत होती, त्यातलं एक माझ्या मांडीवर पडलं. मला ठाऊक होतं काय येणार ते.

“आणि?” आक्का म्हणाली.

मला रडू फुटलं. “आणि माझी जागा जाईल अशी भीती वाटली. चुलीपुढची. तुमच्या शेजारची. मान राखला वगैरे काही नाही. मी माझी जागा राखली, आणि तिची जागा गेली तरी गप्प बसले. दोन दिवस.”

“पुढल्या बारीला काय करशील?”

“आज केलं, आक्का.”

तिनं उलथणं हातात घेतलं, माझ्या पानावर खरवड ठेवली, आणि उलथणं खाली ठेवून दिलं. मग चिंधी सोडली. भाजलेली बोटं तिनं सगळ्यांच्या पुढं धरली.

“आता माझं ऐका,” ती म्हणाली. “दोन्ही हातांच्या बोटास्नी वरीस झालं काय कळत न्हाई. ऊन न्हाई, गार न्हाई. सुई टोचली तर रगत दिसल्यावर कळतंय. मला वाटलं, अंदाजावर चालंल. गेल्या वर्सी चाललं बी. मी कुणाला सांगितलं न्हाई. ही माझी चूक.”

कुणी तिला पुढचं विचारेना. आक्काला प्रश्न विचारायची पाळी कधी आलीच नव्हती, तिच्या चुका ती आपणच भराभरा सांगून टाकायची. शेवटी मीच विचारलं.

“मनात काय होतं, आक्का?”

“काय असायचं? बोट गेलं म्हंजी हौसा गेली, असं वाटलं.”

मी थांबले. नियम तिचाच होता.

“आणि?”

आक्का हसली. डोळ्यांतून पाणी येत असताना हसली. “आणि तुमी मला खण-नारळ देऊन, पाया पडून, घरी बसवशीला म्हणून भ्या वाटलं. मला घरी कोण हाय गं?”

पारूमावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. एकही शब्द न बोलता. हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच असावं.

“पुढल्या बारीला काय?” मी विचारलं.

“ते मला ठाऊक न्हाई,” आक्का म्हणाली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “आणि मी दुसरीचं नाव घेतलं. नेम माझा, मोडला मीच. मला खरवड न्हाई. माझ्या वाटणीची बांधा पानात.”

आम्ही सगळ्या निघालो. पुढं आक्का, हातात पानाची पुडी, मागं आम्ही नऊजणी. वाटेत केरबातात्यांनी विचारलं, “कुठं निघाली वरात?” आक्का म्हणाली, “तूबी चल. गहू कुणी भिजवला म्हणून इचारलंवतास न्हवं?” तात्या गुमान मागं आले.

मालन दारात गहू निवडत होती. आक्का तिच्या पुढ्यात खाली जमिनीवरच बसली आणि करंजाखाली सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, तीनही प्रश्न स्वतःच विचारून. भावजय दाराआडून ऐकत होती. शेवटी आक्कानं पुडी मालनच्या मांडीवर ठेवली. “तिसऱ्याचं उत्तर घावलं न्हाई मला. पुढल्या बारीला काय करू, तूच सांग.”

मालननं आक्काचा हात हातात घेऊन ती बोटं उलटसुलट बघितली. एवढंच म्हणाली, “तेल तरी लावायचं हुतं.” मग बराच वेळ गहू निवडत राहिली. तिला विचार करायला हाताला काम लागायचं.

“एकीच्या बोटावर ठेवायचं न्हाई,” ती म्हणाली. “तिघींनी दाबायचं. आन् सगळ्यात धाकटीनं आधी बोलायचं. थोरली बोलली की धाकटीच्या तोंडाला कुलूप लागतंय. धाकटी कणी हाय म्हणली की हाय. झाकण ठेवायचं.”

“आन् आरती?” तात्यांनी विचारलं.

“थांबंल,” मालन म्हणाली.

मग तिनं पुडी सोडली. खरवडीचे दोन तुकडे केले आणि मोठा आक्काच्या तोंडाशी धरला. “मला नगं, नेम हाय,” आक्का म्हणाली. “त्यो देवळातला,” मालन म्हणाली. “हे माझं घर हाय.” भावजय दाराआड होती तरी ती हे मोठ्यानं म्हणाली.

हौसाक्का त्यानंतर अकरा वर्षं आमच्याबरोबर होती. कागलच्या डॉक्टरनं साखर आहे म्हणून सांगितलं, खीर बंद केली. ती खीर शिजताना स्टुलावर बसून नुसत्या वासावर हुकूम सोडायची, आणि खरवड वाटताना “आणि?” विचारायची. कुणी तिला खण-नारळ दिला नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. मी आता एकसष्ट वर्षांची आहे आणि चाटू माझ्या हातात असतो. मालनचे गुडघे गेलेत, पण गहू अजून तीच भिजवून घेते, खुर्चीवर बसून, आणि गाव अजून मालनचा गहू म्हणतं. सगळ्यात धाकटी म्हणजे तिच्या भाच्याची बायको रूपाली, पहिलंच वर्ष. तिनं दाणा दाबला. मी तिच्या कपाळाकडे बघत होते. आठी पडली. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

“माझ्याकडं बघू नको,” मी म्हणाले. “बोल.”

“कणी हाय, काकू. बारीक हाय, पण हाय.”

मी दाणा घेतला आणि दाबला. लोण्यासारखा पसरला. मला काही लागलं नाही. दुसरा घेतला, डोळे मिटून दाबला. त्यातही काही नव्हतं. मी चाटू तसाच मालनच्या खुर्चीपाशी नेला. तिनं दाणा दाबला आणि रूपालीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“हाय,” मालन म्हणाली.

“झाकण ठेव,” मी रूपालीला म्हणाले.

खीर चांगली झाली. दुपारी करंजाखाली बसलो तेव्हा पहिली मी बोलले. बोटं पुढं धरली आणि म्हणाले, चुकलं असं काही नाही, पण आज माझ्या बोटाला कणी लागली नाही, हे सांगायचं राहायला नको.

“मनात काय होतं?” मालननं विचारलं.

“भीती वाटली.”

मालन थांबली. “आणि?”

“आणि आक्काची लई आठवण आली.”

मालननं डोळ्याला पदर लावला आणि रूपालीला म्हणाली, “वाढ हिला.”